देवाच्या शब्दात अडकलेली सायकल

अन्याय सायकलीवर झाला. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी, दुपारी, आमच्या गावच्या देवळात. मी त्या वेळी गोव्याच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या टेबलावर होते. तिच्यावर आरोप ठेवला गेला, तिची बाजू कुणी मांडली नाही, आणि तिला जन्मठेप झाली. शिक्षा फर्मावणारी माझी आई.

अन्याय माझ्यावरही झाला होता, आदल्या दिवशी सकाळी. पण तो करणारे सापडले नाहीत. सायकल मात्र जागेवरच सापडली, रस्त्याच्या कडेला, पुढचं चाक वाकडं होऊन पडलेली. आपल्याकडे जो सापडतो त्याच्यावर खटला चालतो. हे मी गावोगाव वाटते त्या पत्रकांतून अनेकदा लिहिलंय. स्वतःच्या घरात लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

आमचा गाव तोंडवळीच्या वाटेवर. गावातून किनाऱ्याकडे जाणारा रस्ता देवळापासून सरळ येतो आणि पुढे एकदम डावीकडे वळतो. त्या वळणाच्या पोटात झाळ होती. झाळ म्हणजे दाट झाडोरा: घाणेरी, करवंद, वेली, आणि मध्ये एक जुनं किंजळाचं झाड. पलीकडून काय येतंय ते अजिबात दिसायचं नाही. वळणाला आम्ही देवचाराचं वळण म्हणतो, कारण ती झाळ देवचाराची. देवचार म्हणजे त्या जागेचा राखणदार. दिसत नाही, पण असतो. जाता-येता त्याला विडी ठेवायची, नारळ द्यायचा, आणि त्याच्या झाळीला कोयता लावायचा नाही. बांधकाम खात्याची माणसं रस्त्याच्या कडा साफ करायला यायची ती वळणापाशी कोयते खांद्यावर टाकून पुढे जायची. कारण ती माणसंही आमच्यातलीच.

त्या सकाळी मी आचऱ्याहून परत येत होते. कॅरियरला नव्या पत्रकांचा गठ्ठा बांधलेला. पत्रक त्याच वळणाबद्दल होतं, हे सांगितलं तर लोकांना मी रचून सांगतेय असं वाटतं, पण होतं. झाळीआडून काळी गाडी आली. फोनमध्ये बघून किनारा शोधत निघालेली, सुट्टीवर आलेली माणसं. मी हवेत गेले ते आठवत नाही. मातीत पडून आकाश बघत होते ते आठवतं. गाडी थांबली. काच खाली झाली. आतून कुणीतरी म्हणालं, "जिवंत आहे." मग काच वर गेली.

गाडी गेली. पत्रकं वळणभर उडत होती. मला उचलायला जे धावत आले त्यांच्यातल्या एकाने माझ्या मांडीखाली त्याच पत्रकांची चवड सारली, रक्त टिपायला. एवढाच त्या पत्रकाचा उपयोग झाला.

आता आईचा तर्क सांगते. तो चुकीचा होता, पण पोकळ नव्हता. ही सायकल आधी बाबांची. काळी, मधे दांडा असलेली, मागे दोन पायांचा भक्कम स्टँड. बाबा शाळेत मास्तर होते आणि रोज तिच्यावरून जायचे. मी सातवीत असताना त्याच वळणावर जांभ्याचे चिरे वाहणाऱ्या ट्रकने त्यांना उडवलं. उजवा हात कोपरात मोडला तो परत सरळ झाला नाही. पुढची सगळी वर्षं त्यांनी फळ्यावर डाव्या हाताने लिहिलं, आणि सायकलवर कधीच बसले नाहीत. मी कॉलेजात गेल्यावर ती दुरुस्त करून घेतली. म्हणजे दोन अपघात, दोन्ही आमच्याच घरातले, आणि दोन्हीकडे सायकल हीच. आईने हिशेब लावला. वळणही दोन्हीकडे तेच, झाळही तीच, हे तिच्या हिशेबात आलं नाही. ट्रकवाला आणि गाडीवाला तर कुठल्याच हिशेबात आले नाहीत.

मला गोव्याला नेलं तेव्हा बाबा बरोबर आले. आई गावात राहिली. ती देवळात गेली आणि तिने गाऱ्हाणं घालायला लावलं. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडची देवापुढची तक्रार, मागणी, विनवणी, सगळं एकत्र. गावकर एक-एक वाक्य देवाला सांगतो आणि प्रत्येक वाक्याला मागे उभी असलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. त्या दुपारी आईने गावकराच्या तोंडून देवाला शब्द दिला की माझ्या चेडवाक पायार उभा कर, ती सायकल परत रस्त्यार येवची नाय. चेडू म्हणजे मुलगी.

मी उभी राहिले. मांडीत सळी, गुडघ्यात स्क्रू, पण उभी राहिले. म्हणजे देवाने त्याची बाजू पाळली. आता आमची पाळायची होती.

घरी आले तेव्हा सायकल मांगरात होती, जिथे आमची लाकडं आणि नारळाच्या सोडणांचे ढीग असतात. काथ्याच्या दोरीने खांबाला बांधलेली. सीटवर कोंबडी बसली होती, अंडं घालायच्या बेतात.

"आये, ह्या काय?"

"देवाच्या शब्दात आसा ती," आई म्हणाली. "हात लावू नको."

"आणि त्या कोंबडीन हात लावलेलो चलता?"

"कोंबडी खंय जाणार सायकल घेवन?"

गुडघा वाकत नव्हता. पाय खाली सोडून बसता येत नव्हतं, संडासला बसणं म्हणजे सोहळा. व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण कुडाळला होती. घाटावरची, तरुण, माझ्याच वयाची. तिने गुडघा हळूहळू दाबून बघितला आणि विचारलं, "घरी सायकल आहे का? या गुडघ्याला सायकलसारखं औषध नाही."

माझ्या शेजारी आई बसली होती. ऑफिसात किंवा दवाखान्यात गेली की ती शुद्ध बोलते. ती म्हणाली, "आहे. पण ती देवाच्या शब्दात आहे."

डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे बघितलं.

परतीच्या एसटीत मी आईला जे सुनावलं ते पुढच्या सीटवरच्यांनीही ऐकलं. गुन्हा गाडीवाल्याचा, रस्ता खात्याचा, शिक्षा लोखंडाला.  घर आल्यावर आई म्हणाली, "एसटीत बोंब मारलंस ता बरा केलंस. पाय दुखाक विसारलंस."

तोडगा बाबांनी काढला. बाबा कमी बोलतात. आयुष्यभर मुलांना आवाज देऊन त्यांचा आवाज संपला असावा. रात्री जेवताना म्हणाले, "स्टँडार लावया. मागचा चाक वर रव्हता. सायकल जाग्यार रव्हतली, चेडू चाक फिरवतला. खळा काय रस्तो नाय."

आईने भाताचा घास तोंडाशी थांबवला. "चाक भुयेक लागाक नको."

"लागूचा नाय."

"बघा हां. तुमची जबाबदारी."

दुसऱ्या दिवशी बाबांनी डाव्या हाताने गाठी सोडल्या. कोंबडीला उठवलं, ती रागाने ओरडत गेली. सायकल खळ्यात, तुळशीपाशी आली. खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण, आमचं बसणं-उठणं तिथंच. बाबांनी स्टँडखाली चिरा सरकवला, म्हणजे चाक आणखी वर. मला दोघांनी धरून चढवलं. दांड्यावरून पाय पलीकडे नेताना मी आईचा खांदा इतका घट्ट धरला की तिला नंतर तिथं निळं झालं. 

पायडल अर्धं फिरलं आणि गुडघा अडला. मग मी मागे फिरवलं, पुन्हा पुढे, पुन्हा अडलं. फक्त झुलत राहिले, पाळण्यासारखी. आई शेजारी पाटावर बसून सुपातले सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, निवडत होती. तिने एकदाही वर बघितलं नाही. तिचे हात मात्र माझा गुडघा अडला की थांबायचे, सुटला की चालायचे.

असं किती सकाळी चाललं, मोजलं नाही. थंडी आली, काजूला मोहर आला. शेजारची काकी रोज गडग्यापलीकडून, म्हणजे दगडी कुंपणावरून, डोकवायची. तिला माझ्या प्रवासाची फार काळजी.

"खंय पोचलंस गो?"

"देवळाकडे."

"कालय देवळाकडेच होतंस."

"पाय दुखता काकी, सावकाश चललंय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "आज खंय?"

"आचऱ्याक."

"मगे येताना बांगडे हाड. फडफडीत बघून घे, तुझ्या आवशीसारखे मेलेले हाडू नको."

आई खाली बघूनच म्हणाली, "तिका सांग, बांगडे हाडूक पैसे दी आधी."

एक दिवस गुडघा फार अडला. मी दात आवळून दाबत होते, डोळ्यांत पाणी. काकी गडग्यापाशी आली, बघितलं, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "घाट लागलो काय गो?"

"आंबोली," मी म्हटलं.

"मगे सावकाश चढ. वर गरम भजी गावतली."

त्याच दिवशी पायडल वरच्या टोकावरून पलीकडे गेलं. एक कडक आवाज झाला गुडघ्यात आणि ते गेलं. मग पुन्हा गेलं. मागचं चाक सुटलं, वारा घालायला लागलं, आईच्या सोड्यांची टरफलं उडाली. मी पाय थांबवला तरी चाक फिरत होतं, टिकटिक, टिकटिक. ती टिकटिक मी लहानपणी बाबांची वाट बघताना ऐकायचे. शाळेतून येताना ते खळ्यात शिरले की पायडल मारायचं थांबवायचे आणि तेवढा आवाज यायचा. बाबा पडवीत पेपर वाचत होते. पेपर खाली आला.

आईने सूप बाजूला ठेवलं. हात लुगड्याला पुसले. उठून चाकापाशी आली आणि ते थांबेपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "चाय ठेवतंय."

मी कृतज्ञता हा शब्द पत्रकात कधी वापरलेला नाही. तो आम्हा चळवळीतल्या लोकांना संशयास्पद वाटतो. आभार मानायला लावून हक्क काढून घेतात, असं आम्ही शिकलो. पण त्या चहाच्या वेळी मला गुडघ्याचे आभार मानायचे होते, सळीचे, स्टँडखालच्या चिऱ्याचे, गडग्यापलीकडच्या काकीचे. आणि त्या लोखंडाचे, जे शिक्षा भोगत असतानाही माझं काम करत होतं.

मी पायडल मारता मारता बोलत असे. दम वाढवायचा म्हणून नवं पत्रक मोठ्याने म्हणायचे. वळणावर गोल आरसा हवा. रस्त्याची बाजू भरून हवी. झाळ छाटायला हवी, कारण झाळीआड दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून माणसं मरतात. देवचाराला विडी नको, गावाला दृष्टी हवी. आई निवडत असायची. अधूनमधून "हूं" म्हणायची. मला वाटायचं ती सोड्यांना म्हणतेय.

शिमगा झाला. गुडघा बऱ्यापैकी गोल फिरायला लागला, सायकलचं पुढचं वाकडं चाकही मी सरळ करून घेतलं होतं. आता मला रस्ता हवा होता. एका जागी कितीही पायडल मारलं तरी तेच तुळशीवृंदावन, तीच कोंबडी. मी आईला सांगितलं, मी उद्या सायकल बाहेर काढतेय.

"नाय."

"सायकल माझी आसा."

"शब्द माझो आसा."

मग आमचं जे भांडण झालं ते लिहिण्यासारखं नाही. मी अंधश्रद्धा हा शब्द वापरला. शिकलेल्या माणसाने आईला मारायचा तो सोपा दगड. म्हटलं, तुझ्या त्या गाऱ्हाण्यात गाडीवाल्याचं नाव नव्हतं, खात्याचं नव्हतं, फक्त सायकल होती. का?

आई चुलीपुढे बसली होती. मागे न वळता बोलली.

"बाबांचो फोन इलो, म्हणाले आत नेल्यानी. माका त्या टायमाक गाडीवालो काय करूचो होतो? तो माझ्या हातात होतो? देवाक देवक माझ्या हातात काय होता? कोंबडो देतंय म्हटलंय तर देव म्हणतलो, चेडवाच्या जीवाक कोंबडो? तुका जी सगळ्यात आवडता ती वस्तू दिलंय. देवाक हलक्यातला देतत काय?"

 इतके दिवस मी समजत होते की सायकलला शिक्षा झाली. ती भेट होती. आमच्या घरात मला सर्वात प्रिय काय हे आईला माहीत होतं, आणि तिने तेच उचलून देवापुढे ठेवलं होतं.

तरी तर्क चुकीचाच होता. हे मी आजही म्हणते.

आता अडचण वेगळीच झाली. मी स्टँड काढून सायकल घेऊन गेले असते तर कुणी अडवलं नसतं. पण मग मी रस्त्यावर असते आणि आई खळ्यात श्वास रोखून बसली असती, मी परत येईपर्यंत, रोज, मरेपर्यंत. मला नुसती सायकल नको होती. मी वळणावर असताना आई घरात निवांत सोडे निवडत बसलेली हवी होती.

"कौल लावया," बाबा म्हणाले.

कौल म्हणजे देवाची परवानगी. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतो, उजवीकडे आणि डावीकडे. गाऱ्हाणं घालून विचारायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्याकडे लग्नं, घरं, विहिरी यांवर ठरतात. गावात इतके शिकलेले लोक, परदेशात नोकरीला असलेले, पण उजवी पडल्याशिवाय जमिनीला कुदळ लावत नाहीत. मी यावरही लिहिलेलं होतं. ते वाचलेले दोन-तीन लोक देवळात त्या दिवशी हजर होते आणि मला बघून एकमेकांना कोपर मारत होते.

"काय गो, पत्रक वाटूक इलंस?"

"नाय. आयकूक इलंय."

गुरवाने पंखा बंद केला, वाऱ्याने पाकळी पडू नये म्हणून. देवळात एकदम उकडायला लागलं. पाकळ्या लागल्या. गावकर, बाबांचे चुलतभाऊ, वयाने बरेच मोठे, हात जोडून पुढे उभे राहिले. मागे आम्ही. बायका आणखी मागे, खांबापाशी, तिथे आई.

"बा देवा म्हाराजा," काकांनी सुरू केलं, "आज ह्या चेडू तुझ्या पायाकडे इला हा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"तेच्या बापाशीक त्या वळणार मार बसलो, आता तेका मार बसलो. तू राखलंस म्हणान दोघांव आज तुझ्याम्होरे उभी आसत."

"व्हय म्हाराजा."

"चेडवान सरकाराक कागद घातल्यान, सायबाक जावन भेटला. कोण आयकणा नाय. आता तुझ्याशिवाय आयकणारो कोण आसा?"

"व्हय म्हाराजा."

मी खूप ऑफिसांत उभी राहिलेय. साहेब फोनवर, साहेब मीटिंगमध्ये, पाहणी करण्यात येईल, तुम्ही बसा. मी सभेत बोललेय, जिथे अर्धे लोक चहा कुठे आहे ते बघत असतात. माझ्या तक्रारीच्या प्रत्येक वाक्याला मागून पन्नासभर घशांनी हो म्हटलंय असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.  

काकांनी आईचा शब्द सांगितला, तो सोडवून मागितला. मग थांबले. सगळे पाकळ्यांकडे बघायला लागले.

पाकळ्या हलल्या नाहीत. कुणी खाकरलं. माझ्या पाठीवरून घाम उतरत होता. गुरव नजर न हलवता उभा. काकांनी पुन्हा विचारलं, पाकळ्या तशाच. मला आतून ओरडावंसं वाटत होतं की पाणी सुकलं की पडेल ती, एवढं काय. आणि त्याच वेळी मला ती उजवीकडची पडायला हवी होती, माझ्या सगळ्या शिक्षणासकट.

तेव्हा मागून आवाज आला. बायका देवळात गाऱ्हाण्यात बोलत नाहीत. गाऱ्हाणं पुरुष घालतात. पण आवाज आईचा होता.

"म्हाराजा, सायकलीचो दोष नाय."

काका वळले. कुणी तिला गप्प करणार असं वाटलं. ती खांब सोडून पुढे आली. तिने हात जोडले होते आणि ती डोळे मिटून, अडखळत, पण थांबल्याशिवाय बोलत होती.

"त्या झाळीआड दिसणा नाय. येणारो दिसणा नाय, जाणारो दिसणा नाय. दिसणा नाय म्हणान माणसा पडतत. घोवाक दिसला नाय, चेडवाक दिसला नाय. रस्त्याची बाजू खचली हा, उतरूक जागा नाय. देवचार आमचो राखणदार, तेच्याच जाग्यार रगात सांडता, तेका तरी बरा वाटता काय? वाट दिसापुरती झाळ सोडवन दी. सायकल मी घाबरान दिलंय. दोष झाळीचो आसा."

माझं पत्रक. ओळीने, मुद्द्याने, फक्त तिच्या तोंडचं. सगळी थंडी ती खळ्यात बसून सोडे निवडत होती आणि मला वाटत होतं कुणीच ऐकत नाही.

 मग बाबा, जे कधी आवाज चढवत नाहीत, मास्तरकीच्या जुन्या आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा." आणि मग सगळे म्हणाले.

उजवी पाकळी पडली. पाणी सुकलं होतं. मला ते तेव्हाही माहीत होतं आणि आताही माहीत आहे. मी रडत होते, तेही खरं आहे.

दुसऱ्या सकाळी वळणावर अर्धा गाव होता. काकांनी नारळ फोडला, देवचाराला विडी पेटवून ठेवली, आणि पहिला कोयता त्यांनीच मारला. इतकी वर्षं ज्या झाळीला हात लावायला माणसं घाबरत होती, ती दुपारपर्यंत कमरेएवढी झाली. किंजळ ठेवला, त्याच्याखाली देवचाराची जागा ठेवली, स्वच्छ केली. आणि झाळ खाली आली तसं पलीकडे पाणी दिसायला लागलं. वळणावरून खाडी दिसते. माझ्या वयाच्या कुणालाच हे माहीत नव्हतं. वळणाच्या पलीकडे भरतीचं पाणी चमकत होतं, एक होडी, दूर सुरूचं बन. बाबा बघत उभे राहिले. "मी पोर होतंय तेव्हा दिसायचा," म्हणाले. "इसारलंय होतंय."

देवचाराशी आईने नवा करार केला, तिच्या पद्धतीने. सायकल सुटली, पण वळणावर उतरायचं, जागेचा मान राखायचा, एक विडी ठेवायची, इकडेतिकडे बघायचं आणि मग जायचं.

"विडी पण दी, अर्ज पण दी," बाबा मला म्हणाले. "खंय तरी लागू पडात."

तर मी, पत्रकांत देवचाराची विडी बंद करायला निघालेली, आता पिशवीत विड्यांचं बंडल घेऊन फिरते. दुकानदार विचारतो, कधीपासून ओढूक लागलंस. मी सांगते, माझी नाय, एका ओळखीच्याची.

पहिल्या दिवशी आई वळणापर्यंत बरोबर चालत आली. मी सायकल हातात धरून, ती पदर खोचून. विडी ठेवली. मी दांड्यावरून पाय टाकला, या वेळी कुणाचा खांदा न धरता. आई म्हणाली, "जा. आणि मागे बघू नको, पडशीत." मी मागे बघितलंच. ती बघत नव्हती. घराकडे चालायला लागली होती, भराभर, भात चुलीवर ठेवून आल्यासारखी.

मग तोंडवळीपर्यंत नुसता उतार आणि वारा. सुकत घातलेल्या मासळीचा वास. एका घरापुढे कुणीतरी कपडे झाडत होतं, तो फटका. गुडघा प्रत्येक फेरीला थोडा कुरकुरत होता आणि प्रत्येक फेरीला वळत होता. मी उभी होते, बसले होते, चालले होते, सगळं एकाच वेळी. किनाऱ्यावर पोचल्यावर काय करायचं ठरवलंच नव्हतं. वाळूत सायकल आडवी घातली आणि तिच्या शेजारी पडून राहिले. येताना बांगडे आणले. काकीने बोटाने कल्ले उघडून तपासले आणि म्हणाली, "इतके म्हयने लागले, पण फडफडीत आसत."

काही आठवड्यांनी बाबा खळ्यात आले, धुतलेला सदरा घालून. वाकडा हात नेहमीसारखा पोटाशी.

"माका खाडीपर्यंत सोडशीत?"

"एसटी आसा आता."

"एसटीतसून वळण नीट दिसणा नाय."

ते कॅरियरवर एका बाजूने बसले, डाव्या हाताने सीटची स्प्रिंग धरून. ज्या सायकलवरून त्यांनी मला शाळेत नेलं, त्याच सायकलवर मी त्यांना नेत होते. वळणावर आम्ही उतरलो. विडी त्यांनी ठेवली. थोडा वेळ खाडीकडे बघितलं. मग परत बसले आणि म्हणाले, "चल. सावकाश." उतारावर मी पायडल थांबवलं तेव्हा फक्त टिकटिक ऐकू येत होती. आता दर रविवारी जातो.

आणि आता तुमच्याकडे येते, गाडीतून किनारा बघायला येणाऱ्यांकडे.

आरसा अजून लागलेला नाही. पाहणी करण्यात येणार आहे. रस्त्याची बाजू खचलेलीच आहे. आणि झाळ गेल्यामुळे एक नवीनच झालंय. वळण दुरून दिसतं, खाडी दिसते, म्हणून गाड्या आधीपेक्षा जोरात येतात. काही जण चालत्या गाडीतून खाडीचा फोटो घेतात. आम्ही माणसं दिसावीत म्हणून झाळ काढली, आणि तुम्ही पाणी बघताय.

दिवाळीची सुट्टी आली की तुम्ही येणार. या. मासे खा, वाळूत पोरांना सोडा. पण देवळाच्या पुढचं डावीकडचं वळण आलं, एकटा किंजळ उभा दिसला, की फोन खाली ठेवा आणि पाय ब्रेकवर ठेवा. हॉर्न वाजवला म्हणजे झालं असं समजू नका. विडी ठेवायची गरज नाही, ती मी ठेवलेली असेल. गाडी पूर्ण थांबवा. काच खाली करा, या वेळी कुणाला धडकण्याच्या आधी. समोर बघा. काळी सायकल येत असेल, पुढे मी, मागे कॅरियरवर हात पोटाशी धरून बसलेले माझे बाबा.

आम्हाला आधी जाऊ द्या.